उघड्या टपाची मोटार

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने तपकिरीचे व्यसन लावून घेतले तर गाव त्याकडे काणाडोळा करील. पण त्याने उघड्या टपाची मोटार घेतली तर गावास ते खपत नाही, असा माझा ताजा अनुभव आहे. आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस निघतो. गतवर्षी त्या यात्रेची धूळ खाली बसते न बसते तोच मी ही दोन आसनांची, ठेंगणी, तांबड्या रंगाची जुनी मोटार घेऊन पेठेतून गेलो. एका ओळखीच्या दुकानदाराने गंभीर चेहऱ्याने विचारले, "सर, टपाला पैसे कमी पडले काय?" शेजारचा म्हणाला, "आन् पाऊस आला म्हंजे?" त्यावर तिसऱ्याने जे उत्तर दिले त्यात आमच्या माणदेशाचा सारा भूगोल आला. तो म्हणाला, "येतुया कुठं!"

खरोखरच, एका सातारा जिल्ह्यात परमेश्वराने केवढा पंक्तिप्रपंच केला आहे! पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस आम्ही पाचशेच्या आतबाहेर भागवितो. तेव्हा उघडी मोटार बाळगावयास उभ्या जिल्ह्यात म्हसवडएवढे सोयीचे गाव दुसरे नाही, असा युक्तिवाद मी घरी केला. सौभाग्यवतींनी तो ऐकून घेतला आणि वैशाखातील उन्हाविषयी आपले काय मत आहे, एवढेच विचारले. या प्रश्नास अद्याप मजपाशी उत्तर नाही.

वस्तुतः ही आवड आमच्या हवेतील नव्हेच. मोटारींच्या आरंभकाळी बहुतेक गाड्या उघड्याच असत. पुढे बंद टपाच्या गाड्या स्वस्त झाल्या, आणि जी पूर्वी अडचण होती ती हौस होऊन बसली. ज्या इंग्लंडात चार दिवस ऊन पडले तर माणसे उत्सव मानतात, तेथे ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या एम. जी. गाड्यांनी ही हौस जगभर पोहोचविली. ती मावळू लागली असे वाटत असता १९८९ साली जपानच्या माझ्दा कंपनीने आपली एम. एक्स. ५ बाजारात आणली, आणि २०१६ पर्यंत त्या एका गाडीचे दहा लक्ष नग तयार झाले. मी इंग्रजी वाङ्मय शिकविण्यावर पोट भरतो. त्या वाङ्मयाने मला जे रोग दिले, त्यांत न पाहिलेल्या देशातल्या धुक्याविषयीची ओढ हा एक, आणि केस उडवीत जाणाऱ्या मोटारीविषयीची ओढ हा दुसरा. पहिल्यावर वयाने उतारा पडला. दुसरा अंगात मुरून राहिला.

त्यास निमित्त झाली ती आपल्याच बाजूची एक गाडी. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची मोटार काढली. तिची घडण फ्रान्समधील ल मान्स ग्रुपने रेखाटलेली, इंजिन रेनोचे, साडेअकराशे घनसेंटिमीटरांचे, साठ अश्वशक्तीचे. आणि अंग पत्र्याचे नव्हे तर फायबरग्लासचे. फार थोड्यांनी ती घेतली. मी तेव्हा नुकताच नोकरीस लागलेला, दुसऱ्याच्या हातची स्कूटर फिरविणारा अध्यापक. एका मासिकात तिचे चित्र पाहिले आणि पान दुमडून ठेवले. पुढे मुलांची शिक्षणे झाली, घर झाले, घराचे कर्ज फिटले. आणि अवघ्या पंचवीस वर्षांनी, सांगलीस एका निवृत्त गृहस्थांकडे अशी एक गाडी विकाऊ आहे, असे एका विद्यार्थ्याने सांगितले.

जुनी गाडी घेण्याच्या शास्त्रावर इंग्रजीत ग्रंथ आहेत. त्यांतून मी बत्तीस कलमांची एक यादी केली. फायबरग्लासच्या गाडीत फसगत निराळ्या जातीची असते, हे मला त्या वाचनाने कळले. पत्र्याची गाडी आपला गंज अंगावर दाखविते. फायबरग्लास कधीच गंजत नाही, म्हणून वरून ती सदा तरुण दिसते आणि खालचा पोलादी भाग आतल्या आत झिजत असतो. म्हणून गाडीखाली निजून पाहावे. तसेच इंजिन पुरते थंड असताना सुरू करवून पाहावे, कारण तापलेले इंजिन आपले दुखणे झाकते. शिवाय नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग गाडीची तपासणी होऊन, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांची वाढ मिळते, तो कागद पाहावा. एवढी तयारी करून मी निघालो, तो आबा म्हणाले, "म्याबी येतो."

आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याऐंशी. मोटारीतील त्यांना काही कळत नाही. पण उभी हयात त्यांनी खिलार बैल पारखले आहेत, आणि खिलारातील एक जात म्हसवडच्याच नावाने ओळखली जाते, याचा त्यांना अभिमान आहे. विचार केला तर खिलार बैल ही आमच्या मुलखाची स्पोर्ट्स कारच होय. अंगाने सडपातळ, पायाचा चपळ, चिखलातल्या जड नांगरटीपेक्षा मोकळ्या वाटेवर शोभणारा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा आबा काही दिवस घरात सुतक असल्यासारखे वागत होते. १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

आटपाडी, तासगाव करीत आम्ही सकाळी दहाच्या सुमारास सांगलीस पोहोचलो. गृहस्थ सत्तरीतले, सभ्य, अल्पभाषी. त्यांनी चहा दिला, कागद पुढे ठेवले. कागद चोख होते. गाडी छपरीत उभी होती. तिच्या कापडी टपाची उंदरांनी एका कोपऱ्यात चाळण केली होती, आणि त्यापोटी चाळीस हजार रुपये कमी करून घ्यावयाचे असे मी मनाशी ठरविले. मी खाली निजलो, टॉर्च फिरविला, यादीवर खुणा केल्या. आबा मात्र गाडीकडे फारसे पाहीनात. ते अंगण पाहत होते, छपरीचा स्वच्छ झाडलेला कोपरा पाहत होते, खुंटीवर घडी घालून ठेवलेले पुसण्याचे फडके पाहत होते. बैल पाहण्याआधी गोठा पाहावा, हा त्यांचा नियम. मग त्यांनी जवळ येऊन, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, बॉनेटवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ऊन हाय."

मी हात लावून पाहिला. बॉनेट चांगलेच तापलेले होते. माझ्या बत्तीस कलमांतील पहिलेच कलम निकालात निघाले होते. बाजारात आणण्यापूर्वी बैलास पोटभर पाणी पाजून त्याच्या खपाट्या झाकतात, शिंगे तासून तेल लावतात, ते प्रकार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हा त्यातलाच प्रकार, असे मनात येऊन मी काहीसा ताठरलो. आबांनी सरळ विचारले, "साहेब, सकाळी फिरवून आणली जनू?"

"होय," ते गृहस्थ म्हणाले. "शेवटची एकदा. हरिपूरच्या रस्त्याने संगमापर्यंत जाऊन आलो."

"का इकताय?"

"डोळे साथ देत नाहीत. डॉक्टरांनी गाडी बंद करावयास सांगितली आहे."

यावर आबा काही बोलले नाहीत. मी घसा खाकरून टपाच्या कापडाचा विषय काढणार, तोच त्यांनी माझ्या दंडाला धरले. "घासाघीस नगं," ते म्हणाले, "सांगितलंय ते देऊन टाक." बाजारात टॉवेलाखाली बोटे धरून पाच पाच रुपयांसाठी अर्धा प्रहर घालविणारा हा मनुष्य! मी चकित झालो. पण पंच्याऐंशी वर्षांच्या बापाशी परक्याच्या अंगणात वाद घालता येत नाही. एकोणतीस आणि तीस क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. गृहस्थांनी किल्ल्या दिल्या. देताना त्यांना अडकविलेली पितळी कडी मात्र काढून खिशात टाकली. "दावं ठिवून घेतलं," आबा पुटपुटले. बैल विकावा पण दावे देऊ नये, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

परतीची वाट मी जन्मभर विसरणार नाही. तासगावच्या द्राक्षबागा मागे पडल्या, आटपाडीनंतर रान उघडे पडत गेले. टप मागे घडी घातलेला, शेजारी कानटोपी आणि घोंगडे घेतलेले आबा. मधल्या सुगीत कापलेल्या बाजरीचा वास, पुढे कुठे चुलीचा धूर, दिघंचीजवळ मेंढरांच्या कळपाचा उबट दर्प, हे सारे एकामागून एक अंगावर येत होते. बंद गाडीतून तो मुलूख मी शेकडो वेळा पाहिला होता. पण काचेआडून मुलूख केवळ दिसतो. त्या दिवशी, चाळीस हजारांचे दुःख असूनही, मी सुखी होतो.

ते सुख महिनाभर टिकले. पुढे थंडी वाढली आणि गाडीचे खरे रूप उघड झाले. दिवसा ती शहाण्यासारखी वागे; पण रात्रभर गारठ्यात उभी राहिली की सकाळी दहा दहा वेळा किल्ली फिरवूनही जागी होईना. दोष कारखान्याचा नव्हे, वयाचा होता. पंचवीस वर्षांच्या यंत्रास थंडी बाधावयाचीच. पण दहिवडीहून आलेल्या मेकॅनिकने तपासून जो प्रश्न विचारला तो माझ्या वर्मी लागला. "सर, घेताना थंड इंजिन सुरू करून बघितलं नव्हतं का?"

त्या संध्याकाळी मी आबांपुढे बसलो आणि मनातला सारा कढ बाहेर काढला. तो सभ्य मनुष्य, ती शेवटची फेरी, तो संगम, सारे नाटक! त्याने मुद्दाम इंजिन तापवून ठेवले होते, आणि आपण त्याच्या तोंडाकडे पाहून फसलो. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फेरीबी खरी असंल. आन् थंडीत सुरू हुत न्हाई, हेबी तेला ठावं असंल. इकताना मानूस दोन्ही करतो."

आणि त्यांनी मला जे सांगितले ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. १९७२ चा दुष्काळ मला आठवत नाही; मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. त्या साली आमच्या घरची खिलार जोडी विकली गेली, आई खडी फोडावयास गेली, हे मला ठाऊक होते. आबा म्हणाले, बाजाराच्या आदल्या सांजेला त्यांनी रिकाम्या गाडीस ती जोडी जुंपली आणि माणगंगेच्या कोरड्या पात्रातून उगाच एक फेरी मारून आणली. घरात कुणास सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याने जोडी घेतली. थोरला बैल दोन-तीन कोस चालला की मागच्या उजव्या पायाने लचकत असे. बाजार गावातच होता. घरापासून तेथवर येण्यात ते दिसण्याजोगे नव्हते. घेणाऱ्याने विचारले, "पायानं बरा हाय न्हवं?" आबांनी होकारार्थी मान हलविली. "कृष्णाकाठ गाठेस्तवर लचकला असंल त्यो," आबा म्हणाले. "त्या मानसानं मला काय म्हटलं आसंल, ते पन्नास वरसं ऐकतोय."

घरात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग माझ्या ध्यानात आले की सांगलीच्या त्या अंगणात आबांना संशय आला नव्हता असे नाही. उलट त्यांनी तापल्या बॉनेटवर हात ठेवताच जे ओळखावयाचे ते सारे ओळखले होते. त्यांनी घासाघीस का केली नाही, हेही मला तेव्हा कळले. चाळीस हजार रुपये माझे गेले, आणि देणे त्यांचे फिटले. फिटले की नाही हे त्यांनाच ठाऊक. मी विचारले नाही.

आम्ही विद्याविभूषित माणसे व्यवहारात एक भाबडी समजूत बाळगतो. विकणारा एकतर सज्जन असावा, नाहीतर लबाड. आणि त्याची परीक्षा बत्तीस कलमांनी व्हावी. नवी वस्तू दुकानातून घेताना ही समजूत चालून जाते, कारण तेथे विकणाऱ्याचे वस्तूवर प्रेम नसते. जुनी वस्तू विकणारा मात्र बहुधा तीवर जीव लावलेला असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने तिचे व्यंग त्याच्याइतके कुणास ठाऊक नसते. त्याच्या डोळ्यांतील पाणी खरे असते म्हणून त्याचे बोलणे पुरे असेलच असे नाही. आणि बोलणे अपुरे निघाले म्हणून ते पाणी खोटे ठरत नाही.

मेकॅनिकने प्लग आणि तारा बदलल्या, बॅटरी नवी घातली. आता गाडी तिसऱ्या-चौथ्या फिरकीस जागी होते. टपाचे कापड मात्र मी अजून बदललेले नाही. उंदरांनी पाडलेल्या भोकातून रात्री एक-दोन चांदण्या दिसतात. आबा कधी कधी सायंकाळी कानटोपी घालून आपण होऊन शेजारी येऊन बसतात, आणि आम्ही माणगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येतो. पुलावर ते गाडी थांबवावयास सांगतात, पात्राकडे पाहतात, आणि "चल" म्हणतात.

केव्हा तरी माझेही डोळे अधू होतील आणि कुणी तरुण हातात यादी घेऊन माझ्या अंगणात उभा राहील. त्या सकाळी मी गाडी थंडच ठेवीन, आणि ती पहिल्या फिरकीस सुरू होत नाही हे आधी सांगेन, असे आज तरी मी म्हणतो. पण शेवटची एक फेरी मारावयाची नाही, हे मला जमेल असे वाटत नाही.