खाडीकडून गोदेकडे

कल्याण, पहाटे. रिक्षा दुर्गाडीखालून स्टेशनकडे वळली तेव्हा खाडीवर धुकं होतं. आईच्या मांडीवर मामाकडे न्यायच्या नारळाच्या वड्यांचा डबा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात आमच्या कल्याणचं नाव आहे, 'कल्लिएना'. पूर्वी हे रीतसर बंदर होतं. पुढे सत्ता बदलली आणि इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं त्यात लिहिलंय. भडोचला काय काय माल उतरायचा त्याची यादीही आहे आणि तिच्यात वाइन आहे. इटलीची, लाओडिकियाची, अरबस्तानची. त्यातही इटलीच्या वाइनला पसंती जास्त. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याला वाइन समुद्रातून यायची. आता ती घाटावरून खाली येते. ती जिथून येते तिकडेच आम्ही मायलेकी निघालोय.

*

कल्याण ते नाशिकरोड 134 किलोमीटर. तपोवन एक्सप्रेसला गर्दी होती, पण आईला खिडकी मिळाली. कसाऱ्याला मागे ढकलणारं बँकर इंजिन लागलं. 37 फुटांना एक फूट असा चढ आहे इथे. 1865 साली थळ घाटातून रेल्वे वर गेली तेव्हापासून हा चढ असाच आहे. बोगदा संपला की उजेड, उजेड संपला की बोगदा. इगतपुरीला दार उघडताच अंगावर आलेली हवा वेगळी होती, कोरडी आणि हलकी. द्राक्षाला मानवते ती हीच हवा. दिवसा ऊन, रात्री चांगला गारवा, आणि काढणीच्या दिवसांत पाऊस नाही.

*

रामकुंड. आई पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. तिचं माहेर पंचवटीतलं. लहानपणी तिला इथल्या पाण्याचा तळ दिसायचा, पायाला वाळू लागायची. पुढे गोदेच्या पात्रात जुन्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. त्याखाली जिवंत झरे बुजले, ते काँक्रीट काढा, म्हणून नाशिककर न्यायालयापर्यंत गेले. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. नदीचा तळ मोकळा करा हे मागायला माणसाला आधी त्या तळाची आठवण असावी लागते.

आईने ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि पदराला हात पुसले.

*

दुतोंड्या मारुती. नाशिकची पूर मोजायची पट्टी ही मूर्तीच. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असा निरोप आजही गावभर फिरतो. 2016 च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा मामांनी फोनवर तेवढंच सांगितलं होतं आणि आईला सगळा अंदाज आला होता.

*

नारोशंकराचं देऊळ 1747 चं. समोर नदीकडे तोंड करून ती घंटा. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात हे लहानपणापासून ऐकलेलं. घंटा नीट पाहिली ती आज. तिच्यावर 1721 साल कोरलंय. पोर्तुगिजांची ही घंटा, 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतली त्या विजयाची खूण म्हणून इथे आली. आणि वसई कुठे, तर आमच्या खाडीच्या मुखाशी. दुर्गाडीखालून जे पाणी वाहतं तेच पुढे वसईला समुद्राला मिळतं. आमच्याकडची एक वस्तू इतकी वर्षं गोदेच्या काठावर टांगलेली आहे आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आईला घंटेवरचे आकडे दाखवले. तिने ते मोठ्याने वाचले. जन्म इथला, पण ते तिनेही कधी वाचले नव्हते.

*

काळाराम मंदिर. 2 मार्च 1930. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. दार उघडलं नाही. 1935 साली याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळ्या दगडातलं कोरीव काम सुंदर आहे. पण माझी नजर परत परत दाराकडेच जात होती.

*

दुपारी गंगापूर रस्त्याने धरणाकडे. शहर मागे पडलं की दोन्ही अंगांना बागा सुरू होतात. नाशिक म्हणजे वाइन हे समीकरण फार जुनं नाही. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये 'सुला' सुरू केली. नाव त्यांच्या आईच्या 'सुलभा' या नावावरून. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. फ्रान्समधल्या गारोन नदीवरच्या बोर्दोत हे काम रोमनांच्या काळापासून चालत आलंय. इथलं सगळं एका पिढीच्या डोळ्यांदेखत झालंय, आणि ते करणारी माणसं अजून बागेत उभी सापडतात.

*

वायनरीत एका मुलीने आम्हाला हिंडवलं. मुलगी जवळच्याच गावची, वाइनचं शास्त्र शिकलेली. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस पिळून घेतात आणि मग आंबवतात. लालसाठी साली रसातच ठेवतात, कारण रंग सालीत असतो. स्टीलच्या टाक्यांवर हात ठेवला तर गार लागल्या. आंबताना रस तापतो. तो तापू दिला तर वास उडून जातो. पिंपांच्या खोलीत तिने दिवा लावला. ओकची पिंपं, प्रत्येकात 225 लिटर.

आईने आत पाऊल टाकलं आणि लगेच म्हणाली, "हा तर आसवाचा वास!"

आमच्या घरी द्राक्षासवाची बाटली कायम असायची. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. आसवात धायटीची फुलं घालतात, त्यांनी ते आंबतं. मुलगी कान देऊन ऐकत होती. धायटी तिने डोंगरावर पाहिलेली होती, पण आसवात ती कशाला घालतात ते तिला माहीत नव्हतं. मग त्या दोघी तिथेच, पिंपांमध्ये उभ्या राहून बोलू लागल्या आणि मी नुसती ऐकत राहिले. नाशिकमध्ये एवढी सुंदर गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

चव घेताना आईने शेनँ ब्लाँचा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, "पेरूसारखं लागतंय" म्हणाली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. बरोबर होतं तिचं.

*

मुक्काम गिरणाऱ्याच्या वाटेवर, मामांकडे, म्हणजे आईच्या मावसभावाकडे. सकाळी सातला बागेत काढणी सुरू झाली. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया. कात्री उजव्या हातात, घड धरायचा तो देठाने. मण्याला बोट लागलं तर त्यावरची पांढुरकी झाक पुसली जाते आणि व्यापारी भाव पाडतो. एकीचा हात मी बराच वेळ पाहत राहिले. घड उचलून उजेडात धरायची, तडकलेला मणी कात्रीच्या टोकाने अलगद काढायची, क्रेटमध्ये देठ वर करून ठेवायची. डोंबिवलीत फडके रोडला हातगाडीवर आपण तोच घड मुठीत धरून उचलतो.

*

मामांनी सांगितलेलं, जसंच्या तसं लिहून ठेवते. युरोपात थंडीत वेल झोपते, म्हणून छाटणी एकदाच. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून दोनदा छाटायची. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळासाठी. छाटणीनंतरचे दिवस मोजायचे, कोणत्या दिवशी काय ते ठरलेलं. आणि या सगळ्या हिशोबावर 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडला तसा पाऊस पडला की संपलं. फुलोऱ्यातले घड कुजले. "ताई, त्या वर्षी मी बागेत जायचंच सोडलं होतं," मामा म्हणाले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

*

बोर्दोला जायचं माझ्या फार मनात आहे. मामा म्हणाले, "आम्ही तर दर पावसाळ्यात तिथंच असतो." शेडमधून त्यांनी मोरचुदाची पिशवी आणली. बोर्डो मिश्रण! केवडा रोगावर फवारतात ते. 1880 च्या दशकात बोर्दोतले प्राध्यापक मियार्दे यांच्या नजरेस आलं की चोरांनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडला होता, त्या वेलींना रोग लागला नव्हता. त्या शहराचं नाव तेव्हापासून जगभरच्या बागांत गेलं.

मामांनी मला दाखवायला प्लॅस्टिकच्या मगात मोरचुदाचा चुरा कोमट पाण्यात विरघळवला. त्यात खिळा बुडवला. बाहेर काढला तर खिळ्यावर तांबूस साय धरलेली. मग पाण्यात कालवलेला चुना ओतून ढवळलं. रंग पावसाळा सरल्यावरच्या आभाळासारखा झाला. दुसरा खिळा बुडवला. तो तसाच निघाला, स्वच्छ. "आता हे पानाला भाजणार नाही," मामा म्हणाले. लोखंडी पिंपात मात्र कालवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

*

याच मामांकडे एके काळी वाइनच्या द्राक्षांचे दोन एकर होते. एका वायनरीशी करार होता. भाव ठरलेला, मणी फुगवायला घड औषधात बुडवणं नको, विरळणीला मजूर कमी. पहिली वर्षं चांगली गेली. मग 2008-09 ची मंदी आली, वाइनचा खप पडला, आणि एका हंगामात माल न्यायला गाडीच आली नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात चालत नाही. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. गोडी मात्र खाण्याच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त, 22-23 ब्रिक्सपर्यंत. चार दिवस वाट पाहिली, मग घड वेलीवरच सुकले. पुढच्या वर्षी मामांनी बाग तोडली. तालुक्यात अशा बागा बऱ्याच जणांनी तोडल्या. मला हे कालच्या टाक्यांपाशी कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. ग्लास उजेडात धरून रंग बघायला शिकवतात, तसं हेही शिकवावं.

*

जाता जाता पांडवलेणी. पायऱ्या आईला झेपल्या नाहीत, ती खाली सावलीत थांबली. 24 लेणी. एका लेखात राजघराण्यातल्या उषवदाताने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी 3000 कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. 2000 वर महिना एक टक्का, 1000 वर पाऊण टक्का. मुदलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं. विणकरांच्या शब्दावर राजघराण्याने पैसा ठेवला आणि तो शब्द दगडात कोरून घेतला. मामांचा करार साध्या कागदावर होता.

*

परतीची गाडी. मामांनी शेडच्या खांबाला चढवलेली शिराझची एक वेल ठेवलीय, तोडलेल्या बागेतली एकच. तिचा एक घड आईने मागून घेतला होता, वड्यांच्या रिकाम्या डब्यात. घोटीच्या पुढे तिने डबा उघडला. समोरच्या बाईंनी विचारलं, "ही कुठली हो द्राक्षं? जांभळासारखी दिसतायत."

"नाशिकचीच," आई म्हणाली. "वाइनची. घ्या ना."

बाईंनी एक मणी तोंडात टाकला, बिया हातावर काढल्या आणि म्हणाल्या, "किती गोड आहेत! मग बाजारात का नाही येत?"

आईने डबा त्यांच्यापुढे आणखी सरकवला आणि आपल्या भावाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. कसाऱ्याचे बोगदे येऊन गेले, गाडी खाली उतरली, खिडकीतून कोकणची दमट हवा आत आली तरी ती सांगतच होती.