मागची ट्रॉली

नाकापेक्षा मोती जड, असं एक गृहस्थ ऊसतोड टोळ्यांच्या ट्रॉल्यांबद्दल म्हणाले आणि त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र ती म्हण तेव्हापासून ठाण मांडून बसली आहे. त्या ट्रॉल्यांना ती लागू पडते असं मन कबूल करत नाही आणि चुकीची आहे असंही म्हणवत नाही.

वजनाचा हिशेब मांडला तर म्हण खरीच. ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा. मागे एकीला एक लावलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत गच्च रचलेला ऊस, तो वीस टनांच्या घरात. चढ लागला की ट्रॅक्टर पुढची चाकं उचलायला बघतो, म्हणून पुढे वजन बांधतात, नाहीतर दोन माणसं बसवतात. इंग्लंडात लोक मोटारीमागे कॅरव्हॅन लावून सुटीला निघतात. तिथे नवख्या चालकाला सांगतात की भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. यॉर्कशरमध्ये सटन बँक नावाचा एक चढ आहे, दर चार फुटांना एक फूट चढणारा. त्या रस्त्यावर कॅरव्हॅनला बंदीच आहे. मोती नाकापेक्षा हलका असावा, हे तिथे कुणीतरी आकड्यात बसवलं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरांत ते म्हणीतच राहिलं.

पण मी ज्या ट्रॉल्यांचा विचार करतो आहे, त्यांत ऊस नसतो. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागातून ऊसतोडणीला टोळ्या निघतात, तेव्हा ट्रॉलीत घर असतं. खाली ज्वारीची पोती, त्यावर पत्र्याची पेटी, राहायच्या कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, वाकळा, पाण्याचा ड्रम, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, फळीला बांधलेली शेळी. या सगळ्यावर माणसं. एखादी म्हातारी ट्रॉलीच्या कडेला पाठ लावून बसलेली, मांडीवर झोपलेलं नातवंड, आणि त्याच्या तोंडावर धूळ बसू नये म्हणून तिने पदर धरलेला. हे सगळं मिळून उसाच्या चौथाईएवढंही भरत नसेल. तरी ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला सांगतो की ऊस घेऊन उतरताना हात जेवढे घट्ट होत नाहीत, तेवढे या खेपेला होतात. ‘चढाला ट्रॅक्टर ओरडतो म्हणून लोकं घाबरतात,’ तो म्हणाला. ‘मला तो उताराला गप झाला की भ्या वाटतं.’

गप होतो, म्हणजे कुणीतरी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केलेली असते. जाणते चालक सांगतात, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. चढाला जे ओझं मागे ओढत होतं, तेच उताराला पुढे ढकलतं. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा चालू ब्रेक नसतो. त्यामुळे वळणावर ट्रॅक्टर वळतो आणि ट्रॉल्या सरळ यायला बघतात. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये असते एक दांडी, दांडीला कडी, कडीतून उभी घातलेली लोखंडी पिन. ती वर उडू नये म्हणून खाली क्लिप, क्लिप हरवली तर तार, तारही नसली तर सुतळी. घासून घासून पिन मधोमध झिजते, चकचकीत होते, आणि कडीचं गोल भोक लांबट होत जातं. धारूर-तेलगाव रस्त्यावरच्या घाटात, जिथे समोरून आलेल्या एसटीला जागा देताना जीव मुठीत येतो, तिथे एक अख्खं घर या पिनेच्या भरवशावर वळणं घेतं.

म्हणीकडे परत येतो. मोती जड झाला, तर दोष कुणाचा? म्हण दोष मोत्यालाच देते. पायरी सोडून वागणाऱ्या माणसाबद्दल, डोक्यावर बसलेल्या नोकराबद्दल आपण ती वापरतो. पण मोती स्वतःहून नाकात चढत नाही. कुणीतरी हौसेने घातलेला असतो. आणि जड नथ घालणाऱ्या बायकांनी त्यावर उपाय कधीच शोधलेला आहे. माझ्या आजीच्या नथीला मोत्यांचा एक बारीक सर होता, तो ती केसांत अडकवायची. निम्मा भार नाकावर, निम्मा डोक्यावर. म्हण रचणाऱ्याला हा सर कसा दिसला नाही? नथ घालणारीने म्हण रचली असती तर तिने मोत्याला नावं ठेवली नसती, आधी आधार शोधला असता. मला त्या ट्रॉल्यांचा आधार शोधायचा आहे, आणि तो कुठे अडकवायचा हे कळत नाही.

असा आधार रेल्वेने एका घाटात करून ठेवला आहे. पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाटात गाडी मध्येच थांबते. मंकी हिलला, ठाकूरवाडीला. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. पुष्कळ वर्षं मी हे थांबणं ‘सिग्नल नसेल’ म्हणून सोडून देत होतो. खरं कारण कळलं त्या दिवसापासून तिथे मला पुस्तक वाचवत नाही. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी रूळ आधीच एका फाट्याकडे लावून ठेवलेले असतात आणि तो फाटा डोंगराच्या अंगाला चढत जाऊन संपतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक ताब्यात आहे हे सिद्ध करायचं, मग तिला खालचा मार्ग मिळतो. थांबली नाही तर ती त्या चढावर जाईल आणि तिथेच तिचा वेग मरेल. म्हणजे घाट उतरणारी प्रत्येक गाडी सुटलेली आहे असंच रेल्वे धरून चालते. त्यात चालकाचा अपमान नाही. मला तर यात फार मोठी माया दिसते. माणूस चुकेल, लोखंड दगा देईल, हे आधीच मान्य करून कुणीतरी डोंगर फोडून जागा करून ठेवली आहे.

आणि चढताना कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात. बँकर म्हणतात त्यांना. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, तेव्हा कुठे ३७ फुटांना एक फूट असा चढ पार होतो. या घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी वर पोचली. वाटेत तेव्हा एक स्थानक होतं, जिथे गाडी उलट तोंडाने पुढच्या चढाला लागायची. ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, अंगावर घेतलं आणि जाणकार अभियंते नेमून तडीस नेलं. नवऱ्यामागे राहिलेलं ते केवढं ओझं! पण त्या बाईचं नाव तरी राहिलं. हजारोंनी माणसं त्या दरीत पटकीने, तापाने, सुरुंगाने गेली. तीही बहुतेक घरं पाठीवर घेऊनच आली असणार. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही, आणि खिडकीतून बोगदे मोजताना मी त्यांच्याच कामावरून सरकत असतो.

कुठून कुठे आलो. पण नाही, फार लांब आलो नाही. ऊसतोड्याच्या मागून ढकलणारं असतं कोण? मुकादमाने दिलेली उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर उचल घेतलेली, ती पावसाळ्यात लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला खर्चलेली. ट्रॉली घाटाला लागते तेव्हा ते पैसे संपलेले असतात, त्यांचा रेटा तेवढा शिल्लक असतो. एका दिवसाचा खाडा पडला तरी तो हिशेबात चढतो. चैत्राच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, घरं परत ट्रॉलीत भरली जातात, आणि कित्येकांचे पैसे अंगावर फिरलेले, फिटायचे राहिलेले असतात, म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा निघायचं हे घरी पोचायच्या आतच ठरलेलं. या उताराला फाटा कुठे आहे? थांबून दाखवायची जागा कुठे आहे? कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहं निघाली, ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं. यांतलं काहीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

वसतिगृहाबद्दल तर मी ठाम होतो. मोती जड होतोय ना, मग मुलं गावातच ठेवा, आजीजवळ ठेवा, त्यांची शाळा बुडणार नाही, निदान घाटातल्या त्या पिनेला तरी ती टांगलेली नसतील. हे मी एका बाईला समजावून सांगत होतो. तिने मुलीला मागच्या हंगामात गावी ठेवलं होतं आणि संक्रांतीच्या सुमारास जाऊन घेऊन आली होती. पोरगी बारा वर्षांची. सासू दिवसा दुसऱ्याच्या रानात जायची. ‘फडात निदान डोळ्यांसमोर हाय,’ एवढंच ती म्हणाली आणि उसाच्या वाढ्याची पेंढी बांधत राहिली. मुलगी शेजारीच धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. तिची सहावी बुडाली होती. आईला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तिच्याजवळ बोलायला माझ्याकडे काही उरलं नाही.

आता मी एवढ्यावर आलो आहे की मुलं न्यायचीच असतील तर कुठल्या ट्रॉलीत बसवावीत. बाया म्हणतात मागच्या, कारण पुढच्या ट्रॉलीत धूर फार येतो, पोरं ओकतात. ट्रॅक्टरवाला म्हणतो पुढच्या, कारण मधली पिन गेली तर मागची जाते. मग त्यालाच विचारलं, ट्रॅक्टर उलटला तर? तो विचारात पडला. म्हणाला, तसं झालं तर मागचीच बरी.