तीन अधिक दोन

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटची. माझ्या ह्रस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर. त्यांनीच सांगितलं, "रूमवर जे बडबडतेस तेच लिही." रूमवर मी गेलं वर्षभर एकाच विषयावर बडबडत होते, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

आता लेडीज हॉस्टेलमध्ये ग्राफिक्स कार्ड कशाला, असं रेक्टर मॅडमनीही विचारलं होतं. गेम्ससाठी नाही, मॅडम (म्हणजे फक्त गेम्ससाठी नाही). आमचा मिनी प्रोजेक्ट होता द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून केवडा आणि भुरी ओळखायचा. मी सांगलीची, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता. पण लॅबमधल्या मशीनवर मॉडेल ट्रेन करायला लावलं की ते रात्रभर 'विचार' करायचं, आणि कोलॅबचं फुकटातलं सेशन नेमकं आपण मेसला गेलो की तुटायचं. म्हणून सेकंड इयर संपताना, जून २०२४ मध्ये, ठरलं की माझ्या असेंबल्ड पीसीत कार्ड टाकायचं. पैसे बाबा देणार. बजेट २८ हजार, वर एक रुपया नाही.

माझे बाबा मोटरी भरतात. विहिरीवरच्या, पाण्यातल्या, सगळ्या. तांबं, मजुरी सगळं वजा जाता एका मोटरीमागे हजार-बाराशे सुटतात. म्हणजे एक कार्ड बरोबर चोवीस-पंचवीस मोटरी! हा हिशोब डोक्यात असल्यामुळे मी दोन महिने नुसती चौकशीच करत बसले.

चिपचा प्रश्न लवकर सुटला. त्याच पैशांत एएमडीचं कार्डही येत होतं, थोडं स्वस्तातच. पण मशीन लर्निंगचं जे काही शिकायला मिळतं ते बहुतेक सगळं एनव्हिडियाच्या कूडावर चालतं (२००७ पासून आहे ते. हिंदीतला अर्थ घेऊ नये). शिवाय आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी, तर तिच्यानंतर आलेल्या ४०६० ला ८ जीबी. गेम्सना ४०६० बरं, आमच्या पानांना ३०६०. ठरलं.

खरी गंमत त्यानंतर. कारण एनव्हिडिया फक्त चिप देते. तिच्याभोवती बोर्ड, पंखे आणि खोका लावून विकणारे वेगळे. आसूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, गॅलॅक्स, इनो३डी... चिप सगळ्यांची तीच. बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ ठरलेला, महागड्या कार्डात तो साधारण पन्नास-साठने जास्त. म्हणजे तीन टक्के. आणि किंमतीत फरक सात हजारांचा!

मग काय, हॉस्टेलभर सर्व्हे सुरू. एकजण म्हणाली, अमुक ब्रँड घेऊच नकोस, माझ्या दादाचं सहा महिन्यांत गेलं. दुसरीने तमुकबद्दल तेच सांगितलं. चार दिवसांत बाजारातल्या प्रत्येक ब्रँडचं कुणी ना कुणी गेलेलं निघालं. मी वैतागून बाबांना फोन केला.

बाबा म्हणाले, "अगं, माझ्या दुकानात येणारी प्रत्येक मोटर जळलेलीच असते. चालणारी मोटर कोण आणून दाखवतंय? माझ्या दुकानावरून ठरवलं तर जगातली सगळी कंपनी चोर. आणि जिची मोटर गावात जास्त खपते, तीच माझ्याकडं जास्त जळून येते."

मी एक वाक्यसुद्धा पुढे बोलू शकले नाही. प्रोबॅबिलिटीत मला बी ग्रेड होती, हे जाता जाता.

मग ते म्हणाले, "कार्ड बिघडलं तर तुला कोण भेटणार, तेवढं बघ."

इथे जरा मागे जाते. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं त्याचा दुकानाला झालेला पहिला फायदा म्हणजे मी वॉरंटी कार्डं वाचून दाखवायचे. बारीक इंग्रजी अक्षरं, पाचवीतली मी, आणि समोर रांगेने काका-आजोबा. एकदा एका आजोबांची नवी मोटर सिंगल फेजिंगने जळली. थ्री फेजमधला एक फेज गेला, उरलेल्या दोनवर मोटर घुरघुरत राहिली, गेली. कार्डावर स्पष्ट होतं की सिंगल फेजिंगचा बिघाड वॉरंटीत नाही. मी मोठ्या ऐटीत वाचलं, उच्चारासकट. आजोबांनी शांतपणे विचारलं, "बाळ, हितं माझ्या बाजूचं काय लिवलंय का गं?" मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. नव्हतं. बाग उन्हात होती. बाबांनी ती मोटर उधारीवर भरून दिली, पण मला त्या दिवशी माझ्या इंग्रजीचा राग आला होता.

असो. तर वॉरंटी. इतिहास वाचला तर तिथेही धक्केच. अमेरिकेतली बीएफजी नावाची कंपनी एनव्हिडियाच्या कार्डांवर चक्क लाइफटाइम वॉरंटी द्यायची. २०१० मध्ये तिने कार्डांचा धंदाच बंद केला आणि दुरुस्तीला आलेली काही कार्डं तशीच परत पाठवली. लाइफटाइम कुणाचा, हे कुणी विचारलंच नव्हतं. ईव्हीजीएचं नाव तर सर्व्हिससाठी लोक आदराने घेत. तिने सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाशी पटेना म्हणून कार्डं बनवणं सोडलं. निदान आधी विकलेल्यांची वॉरंटी पाळू असं तरी म्हणाली.

शेवटी आम्ही तिघी एका शनिवारी निघालो. वाशीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. हे नाव सांगून विचारलं तर तिथल्या तिथे कुणाला कळेना.

काउंटरवर तीन खोकी आली. एक २४,३०० चं, वॉरंटी तीन वर्षं. दुसरं २६,८०० चं, तीन अधिक दोन, पण ती दोन वर्षं ठरलेल्या दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तरच. तिसरं ३१,५०० चं, तीन पंखे, दिवाळीसारखे दिवे, वॉरंटी तीनच वर्षं. माझी मैत्रीण दिव्यांकडे बघत राहिली. दुकानदारशेठनी माझा चेहरा वाचला आणि हळूच म्हणाले, "बेन, बिल नको असेल तर पहिलं बावीसमध्ये देतो."

बावीस! म्हणजे जवळजवळ पाच मोटरी वाचत होत्या. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. मग विचारलं, "बिल नसेल तर वॉरंटी?" शेठ म्हणाले, "मी आहे ना." शेठ आहेत हे खरं, पण ग्रँट रोडला आहेत आणि मी दोन वर्षांनी सांगलीत नाहीतर बंगलोरला असणार.

दुसरं घेतलं, बिलासकट. नाव लिहीत नाही, पुढे कारण कळेल. त्याच दिवशी रात्री मेसचं जेवण सोडून नोंदणी केली. रेक्टर मॅडमनी साडेआठची वेळ टळल्याबद्दल जे ऐकवलं ते वॉरंटीत येत नाही.

कार्ड मस्त चाललं. रात्रभरात होणारं काम पाऊण तासात. आणि मे २०२५ मध्ये, सबमिशनच्या तोंडावर, एक पंखा खडखडायला लागला. मग बंदच. तापमान वर, मशीन आपोआप बंद.

सर्व्हिस सेंटरमधल्या दादांनी कार्ड भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "कोपऱ्यावर ओरखडा आहे. फिजिकल डॅमेज. होणार नाही." माझ्या पोटात खड्डा पडला. मी पर्समधून वॉरंटीचा कागद काढला आणि तिथेच खुर्चीत बसून पहिल्यापासून वाचायला लागले. अकरा वर्षांची असताना वाचायचे तसा, बोट ठेवून. नवव्या कलमात सापडलं: सामान्य वापरात निकामी झालेले भाग, पंख्यासह. माझ्या बाजूचं एक वाक्य! मी ते मोठ्याने वाचलं. ओरखड्याने बेअरिंग कसं झिजतं, तेही विचारलं (मेकॅनिकलवाल्या रूममेटची कृपा). दादा आत गेले, पाच मिनिटांनी आले आणि जॉब शीट फाडून दिली.

एकोणीस दिवसांनी कार्ड मिळालं. माझं नाही, दुरुस्त केलेलं दुसरं कुणाचं तरी. कागदात तेही लिहिलेलं होतं. सबमिशन मी पुन्हा त्या तुटणाऱ्या कोलॅबवरच केलं, रात्री जागून, मेसला न जाता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शेजारच्या रूममधलीने एका सिनिअरकडून १४ हजारांत जुनं कार्ड घेतलं होतं, मायनिंगमध्ये वापरलेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा अशी पुष्कळ कार्डं बाजारात आली. बिल नाही, वॉरंटी नाही, खोकासुद्धा नाही. ते अजून एकदाही बिघडलेलं नाही. ती मला रोज जिन्यात विचारते, "काय गं, पंखा कसा आहे?"

माझी वॉरंटी २०२९ पर्यंत आहे. बिलाचं मूळ सांगलीला नेऊन दिलं, कारण हॉस्टेलवर माझ्या वस्तू टिकत नाहीत. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, झेरॉक्स काढून मला दिली, आणि बिल दुकानातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. तिथे गावातल्या सगळ्या मोटरींची वॉरंटी कार्डं असतात.