आत्याच्या गोळ्या आणि निळं इंजेक्शन

आत्याला कुष्ठरोग झालाय हे घरात तिघांनाच माहीत होतं: तिला, मला आणि माझ्या बायकोला. सरकारी दवाखान्यातून २८ दिवसांचं पाकीट फुकट मिळायचं. रोज डॅप्सोनची १०० मिलिग्रॅमची गोळी, सोबत क्लोफाझिमिन आणि महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन. असं वर्षभर. रोग पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. गल्लीला पटेल यावर मात्र तिचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून पाकीट ज्वारीच्या डब्यामागं ठेवायचं आणि कुणी विचारलं तर "बीपीच्या गोळ्या" म्हणायचं.

क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, हे आधीच सांगितलेलं. त्यामुळं तिचा रंग बदलत गेला तरी आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. त्यातच नवी कवळी हिरडीला घासायला लागली. मेडिकलमधून तोंड बधिर करणारी जेल आणली, २० टक्के बेन्झोकेनची. जेवणाआधी, जेवणानंतर, रात्री झोपताना आत्या ती बोटभर लावायची. पोटात जाते ती गोळी म्हणजे औषध. जेल म्हणजे तिच्या लेखी तोंडाला लावायचं मलम.

एका दुपारी जिना चढून आली ती पायरीवरच बसली. धाप लागलेली, डोकं गरगरत होतं, ओठ राखेच्या रंगाचे. जवळच्या डॉक्टरांकडं बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८५. कोविडनंतर हा आकडा कुणालाही वाचता येतो. आमच्या पोटात गोळाच आला. ऑक्सिजन लावला, तरी ८५. वाढवला, तरी तेच. छाती मात्र साफ. त्यांनी लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आत्याच्या आधी माझी नखं बघितली. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगमध्ये कामाला आहे, माझी नखं कधीच पांढरी नसतात. "आजी पण रंगाच्या कामात आहेत का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी आत्याच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकला आणि शेजारी माझ्या बोटातला एक. माझा लालभडक. आत्याचा चॉकलेटी, आणि हवा लागली तरी चॉकलेटीच राहिला. नुसता ऑक्सिजन कमी असता तर हवेत तो लाल झाला असता, असं त्या म्हणाल्या.

हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदललं की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही, आणि जे चांगलं हिमोग्लोबिन उरतं तेही आपला ऑक्सिजन सहजी सोडत नाही. अशा बिघडलेल्या हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. एरवी ते एक टक्क्याच्या आसपास असतं, आत्याचं तिसाच्या वर निघालं. ऑक्सिमीटरला हे ओळखता येत नाही, तो गोंधळून ८५ च्या आसपास अडकतो.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीच्या," आत्या धापेतसुद्धा ठाम.

रिक्षात शेजारच्या काकू सोबत आल्या होत्या, त्या अजून पलंगापाशीच उभ्या. माझ्या बायकोनं त्यांना चहाला म्हणून बाहेर नेलं, तेव्हा मी पाकीट काढून दाखवलं. आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की बरी झाल्यावर माझं काही खरं नव्हतं. डॉक्टरबाईंनी डॅप्सोनचं नाव वाचून मान हलवली आणि विचारलं, "आणखी काही? तोंडात, अंगाला लावायचं?" जेलचं नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "दोघांनी मिळून केलंय." अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांच्या हिरड्यांना बेन्झोकेन लावू नका असं बजावलं, १९७१ पासून बेन्झोकेननं मेटहिमोग्लोबिन वाढल्याच्या चारशेहून जास्त केसेस त्यांच्या हिशेबात होत्या.

उतारा म्हणजे मिथिलीन ब्लू. आधी त्यांनी जी६पीडीची चौकशी केली, कारण ते एन्झाइम कमी असेल तर हे औषध लागू पडत नाही, उलट तांबड्या पेशी फुटतात. मग वजनाच्या किलोमागं एक-दोन मिलिग्रॅम या हिशेबानं शिरेतून पाच मिनिटं सावकाश सोडलं. सिरिंजमधला तो निळा बघून मी चमकलो. हा तर रंगच! इंजेक्शन जाताच आकडा ८५ वरून आणखी खाली घसरला. "रंगामुळं मशीन फसतंय, घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या, तरी माझे हात गार पडले होते. तासाभरात ओठांवर रंग आला. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली तेव्हा आत्या जेवढी घाबरली, तेवढी धाप लागल्यावरही घाबरली नव्हती.

नंतर वाचलं ते मला आमच्या धंद्यामुळं जास्तच लागलं. मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये बीएएसएफच्या हाइनरिश कारोनं कापड रंगवायला बनवलं होतं. डॅप्सोनसुद्धा १९०८ मध्ये जर्मनीत, रंगांच्या रसायनशास्त्रातूनच निघालं. आणि ॲनिलिन हाताळणाऱ्या रंग कारखान्यांतल्या कामगारांचे ओठ याच मेटहिमोग्लोबिनमुळं एकोणिसाव्या शतकापासूनच निळे पडत आलेत. डॉक्टरबाईंनी आधी माझी नखं का बघितली, ते तेव्हा कळलं.

डॅप्सोन बंद झालं, बाकीची दोन औषधं चालू राहिली. जेल कचऱ्यात गेली, कवळी घासून घेतली. आता आत्या कुठल्याही डॉक्टरसमोर पाकीट आपणहून काढून ठेवते, पण काकूंनी विचारलं की उत्तर तेच: बीपीच्या.