लहान कॅमेऱ्याची परीक्षा

आमच्या खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्यांत 'आयएसओ'चे निरनिराळे आंकडे आहेत. त्यांची परीक्षा आम्हीं एके संध्याकाळीं घेतली. दिव्याखालीं मेजावर खणाचें कापड पसरलें, कॅमेरा तिपाईवर ठेविला, आणि १०० पासून ३२०० पर्यंत आंकडा दुप्पट करीत गेलों. भिंगाचें द्वार तेवढेंच असल्यामुळें प्रत्येक वेळीं प्रकाश घेण्याचा काळ निम्मा होई: १०० ला पाव सेकंद, तर १६०० ला सेकंदाचा चौसष्टावा भाग. १०० च्या चित्रांत कापडाचा धागा न् धागा दिसला. ८०० ला छायेंत ठिपके उठले. ३२०० ला यंत्रानें ठिपके पुसतां पुसतां वीणहि पुसली. आंकड्यानें प्रकाश वाढत नाहीं. मिळाला तेवढाच मोठा करून दाखविला जातो, व त्याबरोबर त्यांतील उणीवहि.

तर मग १०० च सर्वांत उत्तम काय? मुलांनो, कापड निश्चल राहतें. माणूस राहत नाहीं. त्याच दिव्याखालीं आमच्या वृद्ध मातोश्री हंसल्या. पाव सेकंदांत त्यांचा चेहरा पुसट झाला असता. १६०० ला तो ठिपक्यांसह, पण ओळखूं येईल असा उमटला. म्हणून सायंकाळीं घरांतील वडील माणसांचें चित्र घेतांना आंकडा वाढविण्यास भिऊं नका.