मावशीची मिशी

पुरुषाचा चेहरा स्त्रीभूमिकेसाठी रंगवावयास घेतला, की रंगभूषाकाराची पहिली गाठ पडते ती दाढीच्या निळसर छायेशी. वस्तरा कितीही धारदार असो, कातडीखाली राहिलेली केसांची मुळे दिव्याखाली निळी-करडी उमटतातच, आणि त्यांच्यावर एकदम गोरा रंग चढवला तर ती जागा मृतवत् राखाडी दिसू लागते. म्हणून आमच्या धंद्याचा जुना शिरस्ता असा, की मूळ रंगाच्या आधी ओठाच्या वर, गालांच्या खालच्या अंगाला आणि हनुवटीवर तांबूस-नारिंगी रंग बोटाने ठोकून ठोकून बसवावा, त्याच्याकडून ते निळेपण मारून घ्यावे, आणि मगच वरचा हात द्यावा. भुवयांचे केस ओल्या साबणाने कपाळाशी सपाट चिकटवून त्यांवर रंग भरावा आणि थोडी वर नवी, बारीक, कमानदार भुवई काढावी. जबड्याच्या कडेखाली गडद छटा देऊन त्याचा चौकोन मोडावा, कंठमणी ठुशी-चिंचपेटीच्या आड करावा, रुंद खांद्यावरून पदर अशा बेताने घ्यावा की पाहणाराची नजर खांद्यावर न थांबता खाली कंबरपट्ट्यापर्यंत घसरत जावी, आणि मनगटाचे हाड बांगड्यांच्या दाटीत हरवून टाकावे. सोलापुरात मी आयुष्यभर हेच काम करीत आलो: कधी हुतात्मा स्मृतिमंदिराच्या रंगपटात, कधी गणेशोत्सवातल्या मंडपामागे लावलेल्या कनातीत, कधी गावोगावच्या जत्रांत. या साऱ्या कौशल्याचा हेतू एकच, की आतला पुरुष कोणाला दिसू नये, असे मला शिकवले गेले आणि पुष्कळ काळ मीही ते प्रमाण मानले.

जुन्या नटांच्या वेळी सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि मुर्दाडशिंग अशी खनिज द्रव्ये खोबरेल तेलात वा पाण्यात खलून तोंडाला लावीत. त्यांतले मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचेच एक रूप. वर्षानुवर्षे ते रोज रात्री तोंडावर वागवणाऱ्यांना त्याची किंमत आपल्या कातडीने मोजावी लागली. पुढे मॅक्स फॅक्टरची पॅनकेक आली, तेव्हा हा जाच संपला. पण द्रव्यांपेक्षाही मोठा फरक केला तो उजेडाने. जुन्या बत्त्यांचा उजेड पिवळा आणि मवाळ असे. रंगभूषेतले पुष्कळ उणे-अधिक तो स्वतःच सांभाळून घेई. आजचे एलईडीचे दिवे थंड आणि पांढरे, ते निळी छाया खणून वर काढतात, आणि त्यांच्यासाठी नारिंगी हात पूर्वीपेक्षा गडद धरावा लागतो. शिवाय आता प्रेक्षकांतल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. तेव्हा चेहरा एकाच वेळी शेवटच्या रांगेसाठी आणि वीतभर अंतरावरच्या काचेसाठी तयार करावयाचा, हा पेच आमच्या उस्तादांच्या वाट्याला कधी आला नाही.

या झाकण्याच्या कलेचे दैवत अर्थातच नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून आमच्या रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांची परंपरा चालत आली होती, आणि किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत भाऊराव कोल्हटकरांनी तिला रूप-आवाजाचे वैभवही दिले होते; पण 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तली सिंधू पाहिल्यावर हा पुरुष आहे ही जाणीवच प्रेक्षकांच्या मनातून नाहीशी झाली. कुलीन घरांतल्या स्त्रिया त्यांचे लुगडे नेसणे, गजरा माळणे आणि पदर घेणे न्याहाळून आपल्या अंगी आणीत. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी दगावली होती, आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली. स्वतःला इतके बाजूला सारणे हा त्या कलेचा परमोत्कर्ष होता हे मी हात जोडून कबूल करतो. २०११ सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भाव्यांच्या चेहऱ्यावर विक्रम गायकवाडांनी जी रंगभूषा केली आणि जिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ती मी धंद्याच्या नजरेने वारंवार पाहिली आहे. जबड्याची ती हाताळणी शिकाऊ मुलांना मुद्दाम दाखवावी अशी आहे.

पण परमोत्कर्षाच्या शेजारीच त्याच कलेचा दुसरा वंशज उभा होता, आणि त्याच्याकडे आम्ही सन्मानाने पाहिले नाही. तमाशातला नाच्या हा स्त्री दिसत नसे आणि पुरुषही धरला जात नसे. त्याच्या लचकण्यावर फड हसे आणि बाहेर पडल्यावर तेच हसू त्याच्या पाठीमागे गल्लीपर्यंत येई. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांतून ही भूमिका अशा ताकदीने वठवली की तिची सावली त्यांच्या खासगी आयुष्यावरही पडली. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला पैलवानकीचे वेड असलेला गुणा, ज्याला रवी जाधवांच्या चित्रपटात अतुल कुलकर्ण्यांनी देह दिला, तो याच दुःखाचा धनी. बालगंधर्वांच्या शालूला मुजरा आणि नाच्याच्या कंबरेला टवाळी, हा न्याय ज्या समाजाने केला, त्या समाजाला स्त्रीवेषाचा तिटकारा नव्हता. आतला पुरुष लपून राहिला नाही याचा त्याला राग होता, असे माझे ठाम मत आहे.

आणि तरीही आमच्याच परंपरेत एक पात्र असे आहे की ज्याच्यात पुरुष उघड्यावर उभा असतो आणि कोणाची त्याला हसण्याची छाती होत नाही, कारण आधी तेच सर्वांना हसत असते. तमाशात गण संपून गौळण सुरू झाली, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी डोक्यावर दुधा-दह्याचे माठ घेऊन ओळीने आल्या, आणि त्यांची वाट अडवायला कृष्ण व पेंद्या पुढे सरसावले, की त्या ओळीच्या तोंडाशी मावशी असते. बहुधा पुरुषच, आवाज राकट, चाल मर्दानी, लुगड्याचा काष्टा घाईने मारलेला, आणि पुष्कळदा ओठावर मिशी तशीच. ती देवाला कर मागण्याचा अधिकार कोणी दिला ते विचारते, पेंद्याचे बोबडे बोलणे त्याच्याच पदरात टाकते, गावच्या पाटलापासून सरकारी अंमलदारापर्यंत सर्वांचा हिशेब चुकता करते, आणि पोरींना मागे घालून स्वतः आडवी उभी राहते. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातले. तिथे वारीच्या दिवसांत एकनाथांच्या भारुडांसाठी लुगडे नेसून उभा राहणारा वारकरी याच मावशीचा सख्खा भाऊ होय, कारण त्याच्याही ठसक्याला लोक हसतात आणि हसता हसता अध्यात्म पदरी पाडून घेतात. (बालगंधर्वांनी १९३५ च्या 'धर्मात्मा' या प्रभातच्या चित्रपटात लुगडे उतरवून जी भूमिका केली ती एकनाथांचीच, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे.) यल्लम्माचा जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची टोपली, डोक्यावर घेऊन चौंडक्याच्या नादावर मंगळवारी-शुक्रवारी दारी येणारा लुगड्यातला जोगता हा मात्र कलावंत नव्हे, तो देवीच्या आज्ञेत असतो, त्याचा विचार वेगळ्या आदराने करावा लागतो, म्हणून तो विषय येथे वाढवीत नाही.

मावशीची रंगभूषा अशी फारशी नसतेच. कपाळावर बंद्या रुपयाएवढे कुंकू, डोळ्यांत भरघोस काजळ, गालांवर दोन बोटे गुलाबी आणि डोईवरून पदर. नारिंगी हात नाही, साबणाने भुवया मोडणे नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणत, "मावशीला रंगवायचं नाही, नुसतं नटवायचं." त्या वेळी मला ते काम हलके वाटे, भामिनीचा चेहरा करणारा तो खरा कारागीर, असा माझा समज होता.

तो समज ज्याने हलवला तो शहराच्या पूर्व भागातला एक तरुण. तेलुगू घरातला, मराठी सोलापुरी ठसक्याची, दिवसा गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशिनीवर बसणारा. शाळा-शाळांचे आणि कंपन्या-कंपन्यांचे गणवेश आमच्या शहरातून देशभर जातात, त्यांतल्या शर्टांच्या कॉलरी तो शिवतो. नवरात्रात एका कार्यक्रमात त्याची लावणी होती. आता पुरुषांनी लावणी करणे ही नवलाई राहिली नाही. मोडनिंबच्या कला केंद्रांतल्या आणि अकलूजच्या स्पर्धेतल्या बायकांची अदा पाहून पाहून शिकलेली मुले आज स्वतःच्या नावाने बोर्डावर येतात. मी नेहमीप्रमाणे नारिंगी हात दिला, मूळ रंग बसवला, आणि जबड्याखालच्या गडद छटेसाठी कुंचला उचलला तेव्हा त्याने माझे मनगट अलगद धरले. "काका, हनुवटी झाकू नका. डोळे कसलेही करा, पण हनुवटी माझीच दिसू द्या की." मी म्हटले, "अरे, खालच्या दिव्यात ती पुरुषी दिसंल." तो म्हणाला, "दिसू द्या. म्हणून तर नाचूलालोय."

मी कुंचला खाली ठेवला. पुढे त्याची रंगभूषा करणे मला भामिनीहूनही कठीण गेले. सगळे लपवायचे असेल तर नियम ठरलेले आहेत. अर्धे दाखवायचे आणि तरी चेहरा एकजीव ठेवायचा, याला दस्तूर नाही. डोळ्यांची रेघ कानशिलापर्यंत नेली, पापण्यांवर मोरपिशी आणि सोनेरी रंग भरला, ओठ त्याच्या मूळ ओठांच्या बाहेर न नेता आहे तेवढेच गडद केले, आणि नथ दाबाची असली तरी मोठी दिली, म्हणजे चेहऱ्याचा जोर नाकाशी येऊन हनुवटी त्याला खालून आधार देईल. नऊवारी नेसवताना खांदा मोडला नाही, उलट पदर आवळून त्याची रुंदी मोकळी ठेवली. पायांत चाळ बांधून तो उभा राहिला तेव्हा आरशात जे कोणी दिसत होते ते स्त्री नव्हते आणि पुरुषही नव्हते. तो तोच होता, आणि त्याच्याकडे पाहताना मला मावशीची आठवण झाली. मग शाहीर राम जोशीही आठवले, तेही सोलापूरचेच. कीर्तन-पुराणाच्या घरातला तो बुद्धिमान ब्राह्मण तमाशाच्या फडावर उभा राहिला तेव्हा या शहराने त्याला घराबाहेर पडताना पाहिले, आणि पुढे त्याच्याच लावण्या अभिमानाने सांगितल्या. ही मुले आज त्याच गावात घर न सोडता फड गाजवू पाहतात, ही गोष्ट मला मोठी वाटते.

त्या दिवशी रंग सुकेपर्यंत त्या तरुणाने मला मोबाइलवर एक व्यंगचित्रमालिका दाखवली. ब्राझीलमध्ये तयार झालेली, नाव 'सुपर ड्रॅग्ज', २०१८ च्या नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर आलेली आणि निखालस प्रौढांसाठी असलेली. त्यात तीन मित्र दिवसा एका मोठ्या दुकानात नोकरी करतात, आणि संकटाची हाक आली की भडक केसांच्या टोपांत, उंच टाचांत आणि चमचमत्या वेषांत रूपांतर पावून आपल्या माणसांचे रक्षण करतात. त्यांचे तेज चोरू पाहणारी खलनायिका आहे, आणि पब्लो विट्टार या तिथल्या प्रख्यात ड्रॅग गायकाने एका पात्राला आवाज दिला आहे. प्रदर्शनाच्या आधीच तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने या मालिकेविरुद्ध आवाज उठवला होता, आणि पाच भागांनंतर ती पुढे निघाली नाही. तिच्यातला पुष्कळसा विनोद इतका उघडावाघडा आहे की माझ्या वयाच्या माणसाने मान खाली घालावी. पण एका गोष्टीने मी खिळून राहिलो. त्या वीरांचे सामर्थ्य वेष चढवण्यात आहे. आजवर अतिमानव वीरांच्या ज्या गोष्टी मी ऐकल्या त्यांत मुखवटा हा खरा माणूस दडवण्यासाठी असे. येथे तो रंग चढला की दुकानात खालमानेने वावरणारा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या उंचीने उभा राहतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे खांदे रंग चढता चढता कसे सरळ होतात, श्वास कसा खोल जातो, हे मी रोज पाहतो. ते त्या परदेशी चित्रकारांनी अचूक पकडले आहे. आणि लोकांनी आपल्याला हसण्याआधी आपणच हसवावे, त्या हसण्याची दोरी आपल्या हातात ठेवावी, ही विद्या तर गौळणीतल्या मावशीची, आणि ती आमच्याकडे कितीतरी पिढ्या चालत आली आहे.

म्हणून माझी एक मनापासूनची इच्छा आहे. आज पुण्या-मुंबईतच नव्हे, सोलापुरातही अशी चलच्चित्रे काढणारी हुशार मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणी मावशीला नायिका करून मालिका काढावी. पेंद्या तिचा साथीदार असावा, चाळांच्या नादावर तिचे रूपांतर व्हावे, बाजाराच्या वाटेवर अडवल्या गेलेल्या कोणत्याही पोराची वा पोरीची हाक तिला ऐकू यावी, आणि तिने उत्तर सोलापुरी मराठीत, अधूनमधून कानडी-तेलुगूची फोडणी देऊन द्यावे. रंगांची तजवीज सांगायची तर लुगडे हिरव्या इरकलीचे, काठ लाल. कुंकू आडवे नको, गोल आणि ठसठशीत. काजळ डोळ्यांच्या बाहेर अर्धे बोट. चेहरा गुळगुळीत करण्याचा मोह चित्रकाराला होईल, संगणकावर ते एका क्षणात होते असे म्हणतात. त्याने तो आवरावा. हनुवटी चौकोनी ठेवावी, कंठमणी दिसू द्यावा, आणि मिशी काढू नये. नथीचा वरचा मोती तिच्यावर टेकेल अशी नथ किंचित आखूड काढावी, म्हणजे दोन्ही एकदम दिसतात.