बर्नच्या खिडक्यांतील जिरेनियम

स्वित्झर्लंडातील बर्न नगरीस आरे नदीने तीन बाजूंनी कवेत घेतले आहे. ११९१ साली वसलेले हे गाव १४०५ च्या आगीत बहुतांशी भस्मसात झाले आणि पुढे लाकडाऐवजी वालुकाश्मात पुन्हा उभे राहिले. रस्त्यांच्या दुतर्फा कमानींची लांबच लांब ओळ आहे. भर पावसात न भिजता त्यांखालून बाजारहाट करता येतो. परंतु प्रवाशाची दृष्टी खिळते ती वरच्या खिडक्यांवर. करड्या दगडाच्या पार्श्वभूमीवर तेथे जिरेनियमची लालभडक फुले झुलत असतात.

हे झाड मात्र मूळचे त्या देशाचे नव्हे. ते दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातले. सतराव्या शतकात जहाजांतून युरोपात आले. १७८९ साली लेरितिए नामक फ्रेंच वनस्पतिज्ञाने त्यास पेलार्गोनियम या निराळ्या कुळीत घातले, तरी लोकांच्या तोंडचे जुने नाव काही सुटले नाही. मायदेशी त्यास कोरडी जमीन व भरपूर ऊन लाभते. जाड देठांत ते पाणी साठवून ठेवते. म्हणून तहान त्यास सोसते. हिमकडाका व साचलेले पाणी मात्र सोसत नाही.

आम्ही तेथे ऑक्टोबरात होतो. ज्या घरी उतरलो, तेथील वृद्ध आजीबाई कुंड्या आत घेण्याच्या गडबडीत होत्या. त्यांनी फांद्या निम्म्याने छाटल्या, सुकलेली पाने खुडली आणि कुंड्या जिन्यातील खिडकीपाशी मांडल्या. तेथे उजेड असतो, पण चुलीची ऊब पोहोचत नाही. पाच ते दहा अंश उष्णतेत झाड हिवाळाभर निजते, आणि निजलेल्यास पाणी बेताचेच लागते. पाण्याचा वार त्यांनी नेमला नव्हता. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्या माघारी न्यावा, इतकाच त्यांचा नियम.

त्यांतील एक कुंडी त्यांच्या आईच्या झाडाची होती. म्हणजे छाटापासून छाट लावीत तेच झाड चालत आले होते. ते एका घराच्या भरवशावर राहू नये, म्हणून उन्हाळा सरता सरता दोन्ही लेकींकडे एकेक छाट जाई. मागे एका हिवाळ्यात आजीबाईंची कुंडी थंडीने गेली, तेव्हा धाकट्या लेकीकडून तिचा वंश परत आला!

कुंड्या पुन्हा बाहेर जातात त्या मे महिन्यात. १२ ते १५ मे या दिवसांत पांक्रास, सर्व्हाशियस, बोनिफास व सोफिया या संतांचे सण येतात; तिकडील शेतकरी त्यांस ‘हिमसंत’ म्हणतात. ते सरले की हिमाचे भय सरले, अशी जुनी समजूत आहे. त्याच सुमारास बर्नमध्ये जिरेनियमचा बाजार भरतो. ही प्रथा १९५७ पासूनची.

आमच्या बेळगाव-गोव्याकडे हिम नाही. येथला वैरी पाऊस. हौसेने आणलेले झाड श्रावणापर्यंत बुडाशी काळे पडते, आणि ते कोमेजले असे पाहून घरची माणसे आणखी पाणी घालतात! वस्तुतः मुळे कुजल्यामुळेच ते कोमेजलेले असते. यास्तव वाचकहो, मृगापूर्वी कुंडी ओसरीत किंवा उजेडाच्या खिडकीत घ्यावी. बुडाला भोक असावे, मातीत वाळू मिसळावी, खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. पाणी सकाळी मातीलाच द्यावे, पानांवर शिंपू नये. भोक वाहू लागेपर्यंत एकदा भरपूर द्यावे आणि मग वरची माती सुकेपर्यंत हात आवरावा. इंदूर-हैदराबादकडील घरांनी वैशाखात दुपारच्या उन्हापासूनही त्यास जपावे.

छाट दिवाळीनंतर करावा. पेराच्या खाली कापलेली चार बोटांची फांदी अर्धा दिवस सावलीत ठेवून, कापलेला भाग सुकल्यावर ओलसर वाळूत खोवावी. वर काही झाकू नये. मुळे धरली की एक रोप आपल्या खिडकीत राहू द्यावे आणि दुसरे शेजारच्या घरी द्यावे. पुढल्या पावसाळ्यात आपले गेलेच, तर मागावयास दार ओळखीचे असेल.